पंधरा तारीख हुकली तर? फ्रीलान्सरांचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स आणि त्यावरचं व्याज

जुलै महिना, रात्रीचे साडेदहा. मी रिटर्न भरायला बसले होते. उत्पन्न टाकलं, खर्च टाकले, मुंबईच्या क्लायंटने कापलेला टीडीएस (पैसे देतानाच माझ्या नावे कापून सरकारकडे भरलेला कर) आपोआप आलेला होता. कराची रक्कम मी वहीत काढून ठेवली होती तेवढीच निघाली. पण त्याखाली आणखी दोन ओळी होत्या, २३४बी आणि २३४सी, आणि त्यांच्यासमोरचे आकडे मिळून अकरा हजारांच्या वर. सॉफ्टवेअर गंडलंय असं समजून झोपले. सकाळी आमच्या सीएंना फोन केला.

"बरोबर आहे मॅडम. वर्षभर काही भरलं नव्हतंत ना?"

"पण मुदत कुठे संपलीय अजून?"

"रिटर्नची नाही संपली. टॅक्सची मार्चमध्येच संपली."

नोकरीत असताना हे कधी कळलंच नव्हतं, कारण पगारातून दर महिन्याला कर कापून सरकारकडे जात होता. नोकरी सोडून अनुवादाची कामं घ्यायला लागल्यावर ते काम माझ्या गळ्यात पडलं आणि तसं कुणी सांगितलं नाही. ज्या वर्षी कमावलं त्याच वर्षात हप्त्यांनी स्वतःहून भरायचा कर म्हणजे अ‍ॅडव्हान्स टॅक्स, आणि २३४बी, २३४सी या ओळी म्हणजे तो वेळेवर न भरल्याबद्दलचं व्याज. बाहेरदेशीचा क्लायंट असेल तर तो टीडीएस कापतच नाही, पैसे पूर्णच्या पूर्ण खात्यात येतात आणि ते सगळे आपलेच वाटतात.

तेव्हापासून दरवर्षी हे गणित मी स्वतः करते. त्यातून एक गोष्ट लक्षात आली: हे व्याज रोज थोडंथोडं चढत नाही, ते पायऱ्यांनी उडी मारतं. कधी एका दिवसाच्या उशिराला तीन महिन्यांचं व्याज लागतं, कधी दोन महिन्यांच्या उशिराला जास्तीचा एक रुपयाही लागत नाही. उडी कुठल्या तारखेला आहे हे माहीत असलं की चुकलेला हप्ताही बऱ्यापैकी सावरता येतो.

एक खुलासा आधीच करते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या तारखा, टक्के आणि व्याजाचा दर तेच आहेत. खालची उदाहरणं आर्थिक वर्ष २०२५-२६ ची, नव्या करप्रणालीची आहेत आणि क्रमांकही जुनेच वापरले आहेत, कारण सगळ्यांच्या तोंडी अजून तेच आहेत.

आधी बघा, आपण यात येतो का

कसोटी एकच. वर्षाचा एकूण कर काढा, त्यातून टीडीएस वजा करा. उरलेली रक्कम १० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. त्याखाली असेल तर रिटर्नच्या वेळी भरलं तरी चालतं.

२०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर रिबेटमुळे (करात मिळणाऱ्या सवलतीमुळे) कर शून्य होतो, म्हणजे हप्त्यांचा प्रश्नच नाही. पण दोन ठिकाणी लोक फसतात. पगारदार मित्र सांगतात "पावणेतेरा लाखांपर्यंत काही नाही", त्यात त्यांचं ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (पगारावरची सरसकट वजावट) धरलेलं असतं, ते फ्रीलान्सच्या उत्पन्नावर मिळत नाही. दुसरं, १२ लाखांची रेघ थोडीशी ओलांडली तर काय होतं ते पाहा. उत्पन्न १२ लाख १० हजार झालं तर सवलतीमुळे कर वरच्या १० हजारांइतकाच राहतो, पण त्यावर ४ टक्के सेस (करावरचा उपकर) लागून होतात १०,४०० रुपये. झाली १० हजारांची कसोटी पूर्ण!

साठीच्या पुढच्या निवासी ज्येष्ठ नागरिकांना अ‍ॅडव्हान्स टॅक्स माफ आहे, हे खरं. पण धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. निवृत्तीनंतर पेन्शन आणि एफडीच्या व्याजावर राहणारे काका सुटतात. तेच काका एखाद्या कंपनीचं सल्लागाराचं काम घेऊन बिलं पाठवायला लागले की सुटत नाहीत.

आणि "क्लायंटने टीडीएस कापायला हवा होता, त्यानेच कापला नाही" ही सबब इथे चालत नाही. पैसे न कापता हातात आले असतील तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स काढताना तो न कापलेला टीडीएस वजा करता येत नाही. शिवाय व्यावसायिक फीवर साधारण १० टक्के कापला जातो, पण काही कंपन्या तेच काम कंत्राट समजून १ टक्काच कापतात. "माझा टीडीएस कापला जातो" एवढ्यावर विसंबू नका, किती कापला जातो ते बघा.

नोकरी सांभाळून बाजूला कामं करणाऱ्यांसाठी सोपी वाट आहे. बाहेरचं उत्पन्न कंपनीच्या अकाउंट्स विभागाला जाहीर करा आणि त्यावरचा करही पगारातूनच कापायला सांगा. तो टीडीएस म्हणूनच धरला जातो, हप्त्यांची कटकट उरत नाही. साहेबाला बाहेरची कामं कळू द्यायची की नाही, हा प्रश्न ज्याचा त्याचा.

चार तारखा

१५ जूनपर्यंत वर्षभराच्या कराच्या १५ टक्के. १५ सप्टेंबरपर्यंत ४५. १५ डिसेंबरपर्यंत ७५. १५ मार्चपर्यंत १००.

हे टक्के त्या तारखेपर्यंतची बेरीज आहेत, वेगवेगळे हप्ते नव्हेत. म्हणजे सप्टेंबरमध्ये नव्याने भरायचे ते ३०, डिसेंबरमध्ये ३० आणि मार्चमध्ये २५. माझ्या एका मैत्रिणीने पहिल्या वर्षी जूनमध्ये १५ आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४५ टक्के भरले आणि दिवाळीत हात आखडते घेतले.

४४एडीए या कलमाच्या अंदाजी उत्पन्नाच्या योजनेखाली येणाऱ्यांना मात्र चार हप्ते नाहीतच. सगळा कर एकदम, १५ मार्चपर्यंत. या योजनेत एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते, खर्चाच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असावी लागते, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. त्यामुळे २४ लाख कमावणाऱ्याचं उत्पन्न १२ लाख धरलं जातं आणि रिबेट मिळून कर शून्य होतो.

पण ही योजना सरसकट सगळ्या फ्रीलान्सरांना नाही, आणि याबाबतीत ऐकीव माहितीवर फार लोक चालतात. कायद्यात व्यवसायांची यादी आहे: वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, इंटिरियर डेकोरेटर, माहिती तंत्रज्ञान, सिनेकलावंत अशी. सिनेकलावंतांमध्ये संकलक, गीतकार, पटकथाकार, संवादलेखक सगळे येतात. म्हणजे सिनेमाचे संवाद लिहिणारा यादीत आहे, पुस्तकाचा अनुवाद करणाऱ्याचं नाव मात्र त्यात नाही. कोड लिहिणाऱ्याची चिंता नाही. लेखक, अनुवादक, सोशल मीडिया सांभाळणारे, ऑनलाइन शिकवणारे यांनी सीएंशी बोलून ठरवावं. मी स्वतः खर्च दाखवून हिशेब ठेवते आणि चार तारखा पाळते. जास्त काम आहे, पण रात्री झोप लागते.

चुकलं तर नेमकं किती लागतं

बोलताना सगळे "पेनल्टी" म्हणतात. कायद्याच्या भाषेत हा दंड नाही, व्याज आहे, आणि फरक नुसता शब्दांचा नाही. दंड लावायचा की नाही हे अधिकारी ठरवू शकतो, बाजू मांडायची संधी देतो. हे व्याज आपोआप लागतं. २००१ साली घासवाला खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की २३४ए (रिटर्न उशिरा भरल्याचं), बी आणि सी खालचं व्याज अनिवार्य आहे. आजारपण, क्लायंटने पैसे थकवले, माहीत नव्हतं, यातलं काही रिटर्नच्या फॉर्ममध्ये लिहायला जागाच नाही.

अ‍ॅडव्हान्स टॅक्सचं व्याज दोन प्रकारचं. २३४सी हे वर्षातल्या हप्त्यांना उशीर झाल्याबद्दल. जून, सप्टेंबर, डिसेंबर या प्रत्येक तारखेला जेवढी तूट असेल तिच्यावर महिना १ टक्का, सरळ तीन महिन्यांचं, म्हणजे ३ टक्के. मार्चच्या तुटीवर १ टक्का. २३४बी हे ३१ मार्च उलटूनही ९० टक्के कर जमा झालेला नसेल तर. १ एप्रिलपासून पैसे भरेपर्यंत, उरलेल्या करावर दर महिन्याला १ टक्का. महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना धरतात.

आता आकडे. समजा २०२५-२६ मध्ये खर्च जाऊन करपात्र उत्पन्न १८ लाख आहे. स्लॅबप्रमाणे कर १,६०,०००, त्यावर ४ टक्के सेस ६,४००, एकूण १,६६,४००. एका देशी क्लायंटने २६,४०० टीडीएस कापला आहे. उरले १,४०,०००. वर्षभर काहीच भरलं नाही आणि २० जुलै २०२६ ला रिटर्नसोबत भरायला बसलो.

२३४सी असं निघतं:

जून: १५ टक्के म्हणजे २१,००० ची तूट, ३ टक्क्यांनी ६३० रुपये
सप्टेंबर: ६३,००० वर १,८९०
डिसेंबर: १,०५,००० वर ३,१५०
मार्च: १,४०,००० वर १ टक्का, १,४००

बेरीज ७,०७०. मग २३४बी: एप्रिल, मे, जून आणि जुलै, असे चार महिने, १,४०,००० वर ४ टक्के, ५,६००. दोन्ही मिळून १२,६७० रुपये, कराच्या नऊ टक्क्यांच्या वर. हे व्याज व्यवसायाचा खर्च म्हणूनही दाखवता येत नाही.

तेवढाच कर असलेला माणूस ४४एडीए मध्ये असता तर २३४सी फक्त १,४०० लागलं असतं, कारण त्याचा हप्ताच एक. २३४बी तेवढंच. एकूण ७,०००.

जून आणि सप्टेंबरच्या हप्त्यांना थोडी ढील आहे. जूनमध्ये १५ ऐवजी १२ टक्के आणि सप्टेंबरमध्ये ४५ ऐवजी ३६ टक्के भरले असतील तर व्याज लागत नाही. वरच्या उदाहरणात जूनला १२ टक्के म्हणजे १६,८००. १७,००० भरले तर काही नाही. १६,००० भरले तर मात्र ८०० रुपयांच्या तुटीवर भागत नाही. हिशेब पुन्हा १५ टक्क्यांपासून सुरू होतो आणि ५,००० वर ३ टक्के म्हणजे १५० रुपये लागतात. डिसेंबर आणि मार्चला ही ढील नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. व्याज काढताना वर्षाच्या शेवटी निघालेला कर धरतात आणि त्यावरून जूनमध्ये किती भरायला हवं होतं ते उलटं मोजतात. समजा तुमचा अंदाज १५ लाखांचा होता. त्यावर टीडीएस जाऊन ८२,८०० निघतात, आणि तुम्ही जून, सप्टेंबर, डिसेंबरला अगदी तारखेवर बरोबर टक्के भरले. फेब्रुवारीत अचानक तीन लाखांचं काम आलं, पैसेही आले, उत्पन्न १८ लाख झालं. मार्चमध्ये उरलेलं सगळं भरलंत तरी आधीच्या तीन हप्त्यांत तूट निघते आणि २,३१३ रुपये व्याज लागतं. जूनमध्ये जे काम जन्मालाच आलं नव्हतं त्यावर जूनपासून व्याज! शेअर विकून झालेला नफा, लाभांश, लॉटरी यांना कायद्याने इथे सवलत दिली आहे: ते उत्पन्न झाल्यावर उरलेल्या हप्त्यांत किंवा ३१ मार्चपर्यंत कर भरला की आधीच्या तुटीचं व्याज नाही. फ्रीलान्सरच्या अवचित कामाला ती सवलत नाही. फक्त व्यवसायाचं उत्पन्न आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालं असेल तर त्या पहिल्या वर्षापुरती आहे. नोकरी सोडून मधूनच काम सुरू केलेल्यांनी ही गोष्ट सीएंना जरूर सांगावी.

अंदाज कसा काढायचा

मी वर्षातून चार वेळा, जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या ५ तारखेच्या आसपास, एकाच पानावर हा हिशेब करते. पंधरा तारखेला नाही, कारण त्या दिवशी पोर्टलवर सगळ्या देशाची गर्दी असते.

आधी बँकेचं स्टेटमेंट उघडून १ एप्रिलपासून आलेली फी लिहायची. डॉलरची कामं असतील तर अंदाजापुरते खात्यात जमा झालेले रुपये धरायचे. जीएसटी घेत असाल तर तो वजा करा, ते तुमचं उत्पन्न नाही. मग हातात असलेली, नक्की पैसे देणारी कामं मिळवायची. उरलेल्या महिन्यांसाठी मी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांची जमा पाहते आणि त्यातून चौथा हिस्सा कमी करते. माझ्या कामात मे महिना कोरडा जातो आणि जानेवारी ते मार्च तुडुंब असतो. तुमचा हंगाम वेगळा असेल. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला तुळशीच्या लग्नानंतर दम खायला फुरसत नसते.

त्यातून खर्च वजा करा: इंटरनेट, लॅपटॉपचा घसारा, सॉफ्टवेअरचं भाडं, सीएंची फी, महाराष्ट्रात असाल तर वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर. एफडीचं व्याज मिळवायला विसरू नका, ते हमखास राहतं. मग स्लॅब लावा, सेस लावा, टीडीएस वजा करा. टीडीएस अंदाजाने धरू नका. पोर्टलवरचं २६एएस किंवा एआयएस (तुमच्या नावे जमा झालेल्या टीडीएसची नोंद) उघडून बघा. क्लायंटने कापला पण जमा केला नाही असंही होतं, आणि ते जितकं लवकर कळेल तितका त्याच्यामागे तगादा लावता येतो.

फेब्रुवारीच्या धक्क्यावर माझा उपाय म्हणजे डिसेंबरचा हप्ता थोडा जडच भरणे. डिसेंबरच्या तुटीवर ३ टक्के लागतात आणि तिथे ढील नाही, म्हणून अंदाजापेक्षा आठ-दहा हजार जास्त टाकते. फार जास्त भरण्यात मात्र शहाणपण नाही. सरकार परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं, आणि परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर तेही नाही. आपल्याकडून घेताना एक टक्का, देताना अर्धा.

आणि पैसे हाताशी राहावेत म्हणून दुसरं बचत खातं. प्रत्येक बिलाचे पैसे आले की त्याच दिवशी ठरलेला हिस्सा तिकडे वळता करायचा. किती, हे गेल्या वर्षीच्या कराला गेल्या वर्षीच्या जमेने भागून काढा. माझं उत्तर बारा टक्क्यांच्या आसपास येतं, मी पंधरा टाकते. त्या खात्याचं डेबिट कार्ड कपाटात असतं आणि त्याला यूपीआय जोडलेलं नाही.

तारीख हुकली आहे, आता काय

आज कुठली तारीख आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे.

जूनचा हप्ता राहिला असेल तर त्याचं ३ टक्के व्याज लागलंच. १६ जूनला भरा की १० सप्टेंबरला, २३४सी चा आकडा बदलत नाही, कारण ते तीन महिन्यांचं ठोक आहे. म्हणून जून हुकल्यावर घाबरून कर्ज काढू नका. १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के पूर्ण करा, म्हणजे नुकसान एकाच हप्त्यापुरतं राहील. सप्टेंबर आणि डिसेंबरलाही हेच लागू. पंधरा तारीख बँकेच्या सुट्टीच्या दिवशी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं चालतं, असं १९९४ चं परिपत्रक आहे. मी तरी त्या भरवशावर राहत नाही.

१५ मार्चही गेली? मग ३१ मार्च ही वर्षातली सगळ्यात महत्त्वाची तारीख, आणि हीच फार लोकांना माहीत नसते. ३१ मार्चपर्यंत भरलेला पैसा अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणूनच धरला जातो. वरच्या उदाहरणात ३१ मार्चला १,२६,००० म्हणजे ९० टक्के भरले तर २३४बी अजिबात लागत नाही, उरलेले १४,००० रिटर्नच्या वेळी दिले तरी. सगळे पैसे नसतील तर निदान ९० टक्क्यांपर्यंत पोचायची धडपड करा. तेही शक्य नसेल तर जेवढं जमेल तेवढं भरा, कारण २३४बी उरलेल्या रकमेवरच लागतं. १० डिसेंबरला ६०,००० भरून पुढे जुलैपर्यंत गप्प बसलेल्याचा हिशेब १२,६७० वरून ७,८७० वर येतो.

एप्रिल उजाडला की घड्याळ महिन्यांवर चालतं. ३१ मे आणि १ जून यांत एका दिवसाचं अंतर आहे, पण १ जूनला आणखी एक टक्का चढतो. म्हणून पैसे हाताशी असतील तर रिटर्न भरायची वाट पाहू नका. आधी कर भरून टाका, रिटर्न नंतर सवकाशीने भरा. आमच्या सीएंकडे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात उभं राहायला जागा नसते, आणि तिथे रांगेत बसलेले निम्मे लोक एप्रिलपासून फुकटचं व्याज भरत असतात.

रिटर्नसोबत भरताना व्याजही मिळवूनच भरा. आपण भरलेली रक्कम आधी लेट फी आणि व्याजात वळती होते, उरलेली करात. १,४०,००० चा कर आहे म्हणून तेवढेच भरले तर विभागाच्या हिशेबी कराचे १२,६७० बाकी राहतात. रिटर्नची मुदतही चुकवली तर २३४ए चा महिना १ टक्का वेगळा, आणि ५,००० रुपये लेट फी. एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

क्रेडिट कार्डाची थकबाकी फिरवून किंवा खाजगी कर्ज काढून हप्ता भरावा का? माझं मत, नाही. इथलं व्याज महिना १ टक्का आहे आणि सरळ आहे, व्याजावर व्याज चढत नाही. कार्डाचं त्याच्या तिप्पट असतं. पण पैसे एफडीत पडून आहेत आणि "साडेसहा टक्के सुटतात" म्हणून हप्ता टाळणं हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार.

अमेरिकेतल्या भावंडांसाठी दोन शब्द

तिकडे स्वतःचं काम करणाऱ्यांनाही असेच हप्ते असतात, १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीच्या १५ जानेवारीला. पण तिथे एक सुरक्षित वाट आहे जी आपल्याकडे नाही: गेल्या वर्षीच्या एकूण कराइतके पैसे, गेल्या वर्षीचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर असेल तर त्या कराच्या ११० टक्के, यंदा वेळेवर भरले की यंदा कितीही कमावलं तरी हप्त्यांची पेनल्टी नाही. त्यामुळे न्यू जर्सीच्या आतेभावाने "गेल्या वर्षीएवढं भर आणि निवांत राहा" असा सल्ला दिला तर तो त्याच्यापुरता बरोबर आहे. भारतात यंदाचा करच मोजतात.

चलन भरताना

आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर "ई-पे टॅक्स" मध्ये जा. लॉगिन नसलं तरी पॅन आणि मोबाइलवर आलेल्या ओटीपीने भरता येतं. आयकराचा पर्याय निवडा, मग वर्ष, मग प्रकार. चालू वर्षाचा हप्ता असेल तर "अ‍ॅडव्हान्स टॅक्स", कोड १००. वर्ष संपल्यानंतर भरत असाल तर "सेल्फ असेसमेंट", कोड ३००. रक्कम कराच्या रकान्यात लिहा, व्याज असेल तर व्याजाच्या. नेट बँकिंग, डेबिट कार्ड, आरटीजीएस किंवा यूपीआय, जे सोयीचं ते.

वर्ष निवडताना २०२६ च्या उन्हाळ्यापासून नवा घोळ आहे. जुन्या कायद्यात २०२५-२६ च्या कमाईचं आकारणी वर्ष २०२६-२७ होतं. नव्या कायद्यात आकारणी वर्ष हा प्रकारच नाही. ज्या वर्षी कमावलं तेच कर वर्ष, म्हणजे एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईचं कर वर्षही २०२६-२७. जुलै २०२६ मध्ये गेल्या वर्षाचा उरलेला कर आणि यंदाचा राहिलेला हप्ता एकाच दिवशी भरायला बसलात तर दोन्ही चलनांवर २०२६-२७ च दिसेल. कुठलं चलन कुठल्या कायद्याखाली, हे पैसे द्यायच्या आधीच्या पानावर थांबून वाचा.

चलनाची पावती लगेच उतरवून घ्या. तिच्यावर सात आकडी बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि पाच आकडी चलन क्रमांक असतो. रिटर्नमध्ये हे तिन्ही लागतात. हल्ली ते आपोआप येतात, पण नुकतंच भरलेलं चलन कधी कधी यायला दोन-चार दिवस घेतं आणि मग हाताने भरावं लागतं. एका वर्षी मी बीएसआर कोडमध्ये ८ च्या जागी ३ टाकला. तीन महिन्यांनी विभागाकडून ४१ हजारांची मागणी आली, जो कर मी भरला होता त्याचीच. पावती फोनमध्ये होती म्हणून निभावलं: पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज टाकला, कोड नीट केला, मागणी रद्द झाली. चलनात चुकीचं वर्ष किंवा कोड पडला तर तोही पोर्टलवर बदलता येतो, पण त्याची मुदत थोडी असते. म्हणून पावती उतरवल्या उतरवल्या, चहा गार व्हायच्या आत, एकदा डोळ्यांखालून घाला.